जुन्या कॅमेऱ्याचे दोष विकणाऱ्याने सांगावेत की घेणाऱ्याने शोधावेत?

फुटाळाकाठ (धागाकर्ता)

पावसाळ्यात बंद असलेली ताडोबा आणि पेंच या व्याघ्र प्रकल्पांची गाभा क्षेत्रे ऑक्टोबरच्या सुमारास उघडली की नागपुरात जुन्या कॅमेऱ्यांच्या ऑनलाइन जाहिरातींना भरती येते. कोणी दूरचे प्राणी टिपणारी १५०-६०० मिमीची लेन्स शोधत असतो, तर कोणी आरशाविना चालणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्याकडे वळल्यामुळे आरसा असलेल्या जुन्या डीएसएलआरची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, विकायला काढतो. जाहिरातींचा मजकूर मात्र ठरलेला असतो : ‘नव्यासारखा, घरगुती वापर, बिल-बॉक्ससह, फालतू चौकशी नको.’ शटर किती वेळा चालले (म्हणजे साधारण किती छायाचित्रे काढली गेली), लेन्समध्ये बुरशी आहे का, दुरुस्ती झाली असल्यास कशाची, आणि बिल कोणाच्या नावावर आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. विचारले तर ‘येऊन बघून घ्या’ एवढेच ऐकायला मिळते.

माझे म्हणणे असे आहे की ही माहिती विकणाऱ्याने न विचारता जाहिरातीतच द्यावी. वापरलेल्या वस्तूत दोष असणारच आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. परंतु जो दोष आपल्याला ठाऊक आहे तो दडवून समोरच्याला मे महिन्याच्या उन्हात वर्धमान नगरहून हिंगण्यापर्यंत बोलावणे, आणि त्याने तो शोधून काढल्यावर ‘हो, तेवढे आहे बुवा’ असे म्हणणे, हा प्रकार मला उद्दाम वाटतो.

ही माहिती देणे अवघडही नाही. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये शटरचा आकडा प्रत्येक मूळ छायाचित्राच्या फाइलमध्ये नोंदलेला असतो. व्हॉट्सॲपवरून ते साध्या छायाचित्रासारखे पाठवले तर ही नोंद गळून पडते, म्हणून फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी लागते, इतकेच. कॅनॉनच्या बऱ्याच मॉडेलांत हा आकडा फाइलमध्ये लिहिला जात नाही. त्यासाठी केबल लावून संगणकावर वेगळे सॉफ्टवेअर चालवावे लागते. म्हणजे तिथे विकणाऱ्याने मनावर घेतल्याशिवाय घेणाऱ्याला दुरून काहीच कळू शकत नाही.

लग्नसराई_महाल

मी लग्नाची छायाचित्रे काढतो आणि दर काही वर्षांनी जुनी बॉडी विकतो, त्यामुळे विकणाऱ्याची बाजू मांडतो. धागाकर्त्यांनी ‘येऊन बघून घ्या’ या उत्तराला उद्दाम म्हटले आहे. जाहिरात दिल्यानंतर पहिल्या तासात काय घडते, हे त्यांनी एकदा अनुभवावे. निम्मे लोक नमस्कारसुद्धा न करता ‘लास्ट किती?’ असे विचारतात. काही जण दिलेल्या किमतीच्या निम्मी किंमत सांगून वर ‘आत्ता रोख देतो’ असे जणू उपकार केल्यासारखे म्हणतात. एखादा झिरो माइलच्या मेट्रो स्थानकावर भेटायचे ठरवतो आणि ऐन वेळी फोन उचलत नाही. यांच्या जोडीला आपण सैन्यात असून बदली झाल्यामुळे कॅमेरा न बघताच घेतो असे सांगणारे, आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणणारे भामटे असतात. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे एव्हाना सर्वांना माहीत असायला हवे. तरीही फसलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनच्या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. अशा गर्दीतून खरा घेणारा निवडायचा असेल, तर जो प्रत्यक्ष येतो तोच खरा, ही कसोटी मला पुरते.

दुसरे असे की, दोष प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला बाजारात शिक्षा होते. मी ‘शटर १,१०,०००’ असे लिहिले, तर तो आकडा माझा भाव पाडण्यासाठी वापरला जातो. शेजारच्या जाहिरातीत तीच बॉडी ‘फार कमी वापर’ या तीन शब्दांवर माझ्यापेक्षा जास्त किमतीला जाते. शिवाय हा आकडा लोक समजतात तितका बोलका नसतो. निकॉनने डी७५० चे शटर दीड लाख आणि डी८५० चे दोन लाख वेळांपर्यंत तपासले असल्याचे सांगितले आहे, पण ती काही हमी नव्हे. त्याआधी बिघडलेली आणि त्याच्या पुढे निमूट चाललेली, अशी दोन्ही शटरे आमच्या व्यवसायात दिसतात. ज्या कॅमेऱ्यावर तासन्‌तास व्हिडिओ घेतला गेला त्याचा चित्र टिपणारा सेन्सर पुष्कळ तापलेला असतो, पण शटरचा आकडा जेमतेम हलतो. निकॉनच्या झेड९ मध्ये तर यांत्रिक शटरच नाही. तिथे काय लिहायचे?

बार_रूम_बाहेरचा

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण दोन्ही पक्ष नीतीच्या भाषेत बोलत आहेत आणि कायदा इथे बराचसा लग्नसराई_महाल यांच्या बाजूचा आहे. १९३० च्या माल विक्री अधिनियमाच्या कलम १६ नुसार, त्या मालाचा व्यापार न करणाऱ्या व्यक्तीने केलेल्या विक्रीत दर्जाची कोणतीही गर्भित, म्हणजे न बोलता गृहीत धरलेली, हमी सहसा नसते. १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम १७ सांगते की केवळ गप्प राहणे ही फसवणूक ठरत नाही, जोपर्यंत बोलण्याचे कर्तव्य नाही किंवा गप्प राहणे हेच बोलण्यासारखे नाही.

परंतु याच कायद्यांना दुसरी धारही आहे. दोष मुद्दाम झाकणे हे गप्प राहण्यात मोडत नाही. ती फसवणूकच होय. तसेच माल वर्णनावरून विकला असेल, तर माल विक्री अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे तो वर्णनाशी जुळलाच पाहिजे. म्हणून ‘नव्यासारखा’ लिहिणाऱ्याने ‘मी काही सांगितलेच नव्हते’ असे म्हणू नये. माझा सल्ला घेणाऱ्याला आहे : प्रश्न फोनवर विचारू नका, लेखी विचारा. ‘बुरशी आहे का?’ या लेखी प्रश्नाला ‘नाही’ असे लेखी उत्तर आले, की मौनाचा आडोसा उरत नाही.

बिलाबाबत मात्र हयगय नको. त्याच अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे विकणाऱ्याकडे जी मालकी नाही ती घेणाऱ्याला मिळत नाही, आणि चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असताना तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ लागू शकते. बॉडीवरचा अनुक्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पहिली_लेन्स

मी विद्यार्थिनी आहे आणि गेल्या वर्षी पहिल्यांदाच जुने सामान घेतले. ‘लेखी विचारा’ हा सल्ला योग्यच आहे, पण काय विचारायचे हे माहीत असणाऱ्यालाच तो उपयोगी पडतो. माझ्याकडे निकॉनचा डी३५०० आहे. त्यासाठी मी धंतोलीतल्या एका गृहस्थांकडून ५० मिमीची जुनी एएफ-डी लेन्स घेतली. ती लेन्स ठणठणीत होती, काचेवर ओरखडा नव्हता आणि भावही वाजवी होता. फक्त या लेन्सचा फोकस फिरवणारी मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत असावी लागते आणि डी३५०० मध्ये ती नसते, त्यामुळे फोकस हातानेच करावा लागतो. त्या गृहस्थांनी माझा कॅमेरा पाहिला होता, आणि ते वीस वर्षे छायाचित्रण करत असल्याचेही मला सांगत होते. या व्यवहारात दोष कोणता, असा प्रश्न कोणी विचारेल. लेन्समध्ये कोणताच नव्हता.

म्हणूनच दोन अनोळखी माणसांतला व्यवहार बरोबरीचा असतो, हे गृहीतक मला मान्य नाही. तपासणीची सगळी जबाबदारी घेणाऱ्यावर टाकायची असेल, तर निदान तपासणीची जागा तरी तशी असावी. भर दुपारी बर्डीच्या रस्त्यावर उभे राहून कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सेन्सरवरची धूळ दिसत नाही. त्यासाठी लेन्सचे छिद्र एफ/१६ इतके बारीक ठेवून मोकळ्या आकाशाचे छायाचित्र घ्यावे लागते आणि ते मोठ्या पडद्यावर पाहावे लागते. बुरशीसाठी दोन्ही झाकणे काढून अंधारात टॉर्चचा तिरपा उजेड लेन्समधून सोडावा लागतो.

भाव पडण्याची तक्रार तर मला अर्धीच पटते. कॅनॉन आणि निकॉन या दोघांनी २०१८ मध्ये पूर्ण चौकटीच्या (फुल-फ्रेम) मिररलेससाठी नवे माउंट, म्हणजे लेन्स बसवायची नवी जागा, आणले, तेव्हापासून डीएसएलआरचे भाव उतरतच आहेत. त्यात २०१८ च्या बिलावर २८ टक्के जीएसटी असतो, जो १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के झाला. तेच बिल पुढे करून ‘मी एवढ्याला घेतला होता’ असे सांगणाऱ्यांचा भाव शटरच्या आकड्याने पडत नाही, तो आधीच पडलेला असतो.

लग्नसराई_महाल

पहिली_लेन्स यांचा मोटरचा मुद्दा बिनतोड आहे. समोर कॅमेरा दिसत असताना मीही तो सांगितला असता. पण बुरशीचे तसे नाही. आपल्या गावात एप्रिल ते जून घरोघरी कूलर चालतो. बाहेर ४५ अंशांची कोरडी धग असली तरी कूलरच्या खोलीत हवा दमट असते, आणि त्या खोलीतल्या कपाटात, चामड्याच्या पिशवीत लेन्स बंद करून ठेवली की बुरशीला आणखी काही लागत नाही. लगेच येणारा पावसाळा उरलेले काम करतो. मी एप्रिलमध्ये स्वच्छ लेन्स विकली आणि जुलैअखेरीस घेणाऱ्याने ‘तुम्ही बुरशी लपवलीत’ असा निरोप पाठवला, तर ती कोणाच्या कूलरची, हे कसे ठरवायचे? आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखणारी पेटी माझ्याकडे आहे, घेणाऱ्याकडे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडीही नसेल तर?

इतवारीचा_रस्ता

एवढी यातायात कशासाठी, हेच मला कळत नाही. जुने कॅमेरे ठेवणाऱ्या दुकानातून घ्यावा, चार पैसे जास्त द्यावेत आणि दुकानाची महिना-दोन महिन्यांची लेखी हमी घ्यावी. बार_रूम_बाहेरचा यांनी सांगितलेली सूट दुकानदाराला मिळणार नाही, कारण तो त्या मालाचा व्यापारीच असतो.

पहिली_लेन्स

ते ‘चार पैसे’ दोन्हीकडून कापले जातात, म्हणून. दुकान विकणाऱ्याला पाडून भाव देते आणि घेणाऱ्याला चढवून. ज्यांना परवडते त्यांनी अवश्य जावे.

फुटाळाकाठ (धागाकर्ता)

कूलरचा मुद्दा मला मान्य आहे. जुलैमधली बुरशी एप्रिलच्या विक्रेत्याच्या माथी मारता येणार नाही. परंतु त्यावरून सगळेच दोष तपासणीत सापडतात असे ठरत नाही. निकॉनचा डी६०० आठवा. २०१२ मध्ये आलेल्या या कॅमेऱ्यात सेन्सरवर धुळीचे कण आणि तेलाचे डाग दिसू लागले, आणि शेवटी २०१४ मध्ये कंपनीने हमीची मुदत संपलेल्या ग्राहकांनाही तपासणी, सफाई आणि शटर बदलण्याचे काम विनामूल्य करून दिले. आज कोणी डी६०० विकत असेल, तर त्यातले शटर बदललेले आहे की मूळचेच आहे, हे नुकत्याच साफ केलेल्या सेन्सरकडे पाहून कोणताही घेणारा सांगू शकणार नाही. ते फक्त सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर असते, आणि ती विकणाऱ्याच्या खणात असते. अशा माहितीबाबत ‘बघून घ्या’ या शब्दांना काय अर्थ उरतो?

व्हिडिओचा आणि झेड९ चा मुद्दाही माझ्याच बाजूचा आहे. शटरचा आकडा अपुरा असेल, तर विकणाऱ्याने कमी नव्हे, अधिक सांगायला हवे : कॅमेरा लग्नात चालला, सफारीच्या जिप्सीच्या धुळीत चालला की घरात पडून होता.

लग्नसराई_महाल

जॉबशीटबाबत मी माघार घेतो. यापुढे ती जाहिरातीतच लावीन आणि शटरचा आकडाही लिहीन. लग्नात वापरला हे लिहिल्यावर फोन किती कमी येतात, ते मग इथेच कळवतो. लेन्स मात्र माझ्या घरी येऊन, अंधाऱ्या खोलीत, हवा तेवढा वेळ टॉर्च लावून तपासावी. संगणकही देईन. एकदा पैसे देऊन ती उंबऱ्याबाहेर नेली की परत घेणार नाही.

फुटाळाकाठ (धागाकर्ता)

लेन्सबाबत ठीक आहे. बॉडीसाठी एक रात्र हवी, कारण मधूनच अडणारे शटर किंवा तापल्यावर बंद पडणारा कॅमेरा अर्ध्या तासात ओळखू येत नाही.

लग्नसराई_महाल

एक रात्र न्या. पूर्ण रक्कम माझ्याकडे राहील, अनुक्रमांक दोघांच्या सहीने कागदावर लिहू, आणि कॅमेरा दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत आला नाही तर व्यवहार पक्का.

बार_रूम_बाहेरचा

त्या कागदावर शटरचा आकडाही लिहावा. नाहीतर त्या एका रात्रीत कोणीतरी लग्न उरकून येईल.