विटा, बिबट्या आणि ‘हिचहायकर्स गाइड’: पुस्तक की सिनेमा?

तिरपागडे

परवा रात्री ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी’चा २००५ सालचा सिनेमा तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा आवडला नाही तेव्हा वाटलं, आपण पुस्तकवाले म्हणून उगाच नाकं मुरडतोय. दुसऱ्यांदा वाटलं, झोप आली होती. आता सबब उरलेली नाही. सिनेमा वाईट नाही हो, पण पुस्तकात मी ज्याला हसतो ते त्यात नाहीच.

ज्यांनी दोन्हीपैकी काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी: आर्थर डेंट नावाचा एक साधासुधा इंग्रज सकाळी उठतो तर दारात बुलडोझर. बायपाससाठी त्याचं घर पाडायचंय. तो चिखलात आडवा पडून बुलडोझर अडवतो. त्याच दिवशी व्होगॉन नावाचे परग्रहावरचे कारकून अंतराळातल्या हायवेसाठी अख्खी पृथ्वी पाडायला येतात. फोर्ड प्रिफेक्ट हा आर्थरचा मित्र मुळात परग्रहवासी निघतो आणि त्याला वेळेवर वर उचलतो. पुढे सगळी भटकंती.

माझं म्हणणं एवढंच की डग्लस ॲडम्सचा विनोद घटनेत नाही, वाक्यात आहे. व्होगॉनांची यानं आकाशात येऊन थांबतात तिथे तो लिहितो की विटा जशा हवेत तरंगत नाहीत, अगदी तशीच ही यानं तरंगत होती. आता हे पडद्यावर दाखवा पाहू! यान दाखवता येईल, वीट दाखवता येईल, ‘नाहीत’ कसं दाखवणार? तेच चहाचं. यानातलं मशीन आर्थरला जे पेय देतं ते चहाशी जवळजवळ अजिबात, म्हणजे अगदीच अजिबात असं नाही, पण साम्य नसलेलं असतं. (हे वाक्य मराठीत आणताना माझे दोन खरे चहा गार झाले. अजून जमलेलं नाही.)

आणि बिबट्या! घर पाडायला आलेला अधिकारी म्हणतो, नकाशे नऊ महिने कचेरीत लोकांसाठी लावले होते. आर्थर सांगतो, हो, तळघरात. दिवे नव्हते. जिनाही नव्हता. कुलूपबंद कपाटाच्या तळच्या खणात, ते कपाट बंद पडलेल्या संडासात, आणि संडासाच्या दारावर पाटी: ‘बिबट्यापासून सावध’. पायरी पायरीने चढत जाणारा विनोद आहे हा. सिनेमात गाडी तळघरापर्यंत येते आणि थांबते. बिबट्या नाही. कोणी कापला असेल त्याला व्होगॉनांच्या कविता ऐकवा. (पुस्तकात त्या ऐकणं हा छळच असतो.)

मार्टिन फ्रीमनचा आर्थर मात्र अगदी फिट्ट. सदा रडणाऱ्या मार्व्हिन या यंत्रमानवाला ॲलन रिकमनचा आवाज आहे, त्याबद्दल तर बोलायलाच नको. पण तेवढ्याने भागत नाही.

---

मु. पो. लीड्स

तिरपागडे, तुम्ही पुस्तकाला ‘मूळ’ धरून चाललाय तिथेच गल्लत आहे. मूळ पुस्तक नव्हेच. मार्च १९७८ मध्ये ही बीबीसी रेडिओवरची श्रुतिका होती. तिच्यावरून १९७९ मध्ये पुस्तक, १९८१ मध्ये टीव्ही मालिका, १९८४ मध्ये कम्प्युटर गेम. दर वेळी ॲडम्सने स्वतःच गोष्ट बदलली, आधीच्या आवृत्तीशी जुळेल याची पर्वाही केली नाही. तेव्हा ‘पुस्तकाशी इमान’ हा प्रकार इथे लागूच होत नाही.

दुसरं, तुम्ही नावं ठेवता त्यातल्या कित्येक गोष्टी त्याच्याच आहेत. सिनेमातला तो तुटक्या पायांचा धर्मगुरू (जॉन मालकोविच) पुस्तकात नाही म्हणून लोक ओरडतात. तो ॲडम्सनेच सिनेमासाठी लिहिला. ‘दृष्टिकोन बंदूक’ही त्याचीच. ज्याच्यावर झाडाल त्याला तुमचं म्हणणं पटतं, अशी बंदूक. शेवटी मार्व्हिन ती व्होगॉनांवर झाडतो आणि सगळी फौज जागच्या जागी खिन्न होऊन कोसळते. हा विनोद वाक्यात नाही, चित्रात आहे, आणि तरी शंभर टक्के ॲडम्स आहे. याचं काय करायचं?

बिचाऱ्याने वीसेक वर्षं हा सिनेमा व्हावा म्हणून धडपड केली, त्यासाठी कॅलिफोर्नियात जाऊन राहिला आणि मे २००१ मध्ये ४९ व्या वर्षी तिथेच गेला. पटकथा कॅरी कर्कपॅट्रिकने पुरी केली. शेवटच्या दृश्यात यान रूप बदलता बदलता क्षणभर ॲडम्सचा चेहरा होतं. पॉझ करून बघा.

अवांतर: या धाग्यावर ती बंदूक मिळाली तर बरं होईल.

---

तिरपागडे

@लीड्स, इतिहास मान्य. पण रेडिओत, पुस्तकात, टीव्हीवर एक माणूस कायम होता: निवेदक. ‘गाइड’चा, म्हणजे गोष्टीतल्या भटक्यांजवळच्या त्या प्रवासी-माहितीपुस्तकाचा आवाज. सिनेमात तो स्टीफन फ्रायच्या गळ्यातून येतो, झकास येतो, पण पाहुण्यासारखा येतो. चार वाक्यं बोलतो, चहा घेतो, निघतो. मग पुन्हा पाठलाग, धडाधड गोळ्या.

आपल्याकडचंच बघा. ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर आली तेव्हा पु.लं.नी चाळीतल्या माणसागणिक नट उभा केला नाही. एकटेच उभे राहिले आणि सगळी चाळ बोलले. कारण चाळ म्हणजे चाळीतली माणसं नव्हेत, चाळीबद्दल बोलणारा माणूस. त्याला काढून घेतलं की उरतो फक्त सामाईक नळ.

---

जुना पुस्तकवाला

पु.लं.चं उदाहरण सोयीचं आहे म्हणून निवडलंत. मग चिमणराव घ्या. चिं. वि. जोशींच्या त्या सगळ्या गोष्टी चिमणराव स्वतःच्या तोंडाने सांगतो. म्हणजे तुमच्या हिशेबाने त्या पडद्यावर मार खायला हव्यात. पण सत्तरच्या दशकाच्या अखेरीला दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ आला तेव्हा काय झालं ते आमच्या वयाच्या कुणालाही विचारा. आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता. मालिकेच्या दिवशी त्या घराच्या उंबऱ्याबाहेर आमच्याच चपला आम्हाला सापडत नसत.

---

तिरपागडे

काका, हा बाण लागला. रात्रभर विचार केला.

मला वाटतं फरक असा आहे: चिमणराव स्वतःला शहाणा समजून सांगतो आणि आपल्याला त्याची फजिती दिसते. सांगणं आणि असणं यातलं ते अंतर नटाच्या चेहऱ्यावर मावतं. प्रभावळकरांचे डोळे तेवढ्यासाठीच केले होते देवाने. ॲडम्सचा निवेदक हा गोष्टीतला माणूसच नाही. त्याला चेहरा नाही, फजिती नाही. तो विश्वाबाहेर कुठेतरी पाय पसरून बसलाय. त्याचा नट कुठून आणणार?

---

कोकमकढी

मी उलट्या बाजूची. सिनेमा आधी पाहिला, होस्टेलमध्ये, कुणाच्या तरी लॅपटॉपवर, हेडफोनचं एक टोक माझ्या कानात आणि दुसरं रूममेटच्या. पुस्तक नंतर.

आणि मला तो देवमासा कधीही विसरता येणार नाही. क्षेपणास्त्राचा अचानक देवमासा होतो, ग्रहापासून कित्येक मैल उंचीवर. जन्मल्या जन्मल्या तो खाली पडायला लागतो आणि पडता पडता प्रत्येक गोष्टीला नाव देत सुटतो. हा वारा, ही शेपटी. आणि खालून भसाभस मोठं होत येणारं ते सपाट काय आहे? त्याला ‘जमीन’ म्हणू या, ती माझ्याशी मैत्री करेल का? पुस्तकात हे वाचून मी हसले. सिनेमात आधी हसले आणि मग पोटात खड्डा पडला, कारण जमीन खरंच वर येताना दिसत होती. वाक्य वाचताना थांबता येतं. पडणाऱ्या माशाला थांबता येत नाही.

शिवाय यानाचं ते काहीही अशक्य घडवणारं असंभाव्यतेचं इंजिन चालू होतं आणि सगळी मंडळी लोकरीच्या बाहुल्या होतात, आर्थरला उलटी होते तर तोंडातून लोकरच येते! याला कुठलं वाक्य लागतं?

विटांबद्दल: व्होगॉनांची यानं सिनेमात पाहिलीत ना? करड्या काँक्रीटचे ठोकळे. वाक्य गाळलं, पण वीट ठेवली की हो.

---

मु. पो. लीड्स

+१ लोकरीसाठी. माझ्या मुलीने आजीकडून तशी बाहुली विणून घेतली होती. आजीला अजून माहीत नाही की ती कोणाची आहे.

---

हरकत घेतली

बिबट्यावरून मला बोलायचंच होतं.

आमच्या गावच्या विकास आराखड्यात आमच्या गल्लीतून रस्ता दाखवलाय हे आम्हाला कळलं तेव्हा हरकती-सूचनांची मुदत संपायला दोन दिवस होते. कचेरीत गेलो. नकाशा ‘लावलेला’ होता. एका जिन्याच्या वळणावर, भिंतीला, आणि त्याच्यासमोर मोडक्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या. खुर्च्यांच्या पायांमधून डोकं घातलं तर नकाशाचा ईशान्य कोपरा दिसायचा. आमचं घर नैऋत्येला. शिपाई म्हणाला, साहेबांच्या परवानगीशिवाय खुर्ची हलवता येत नाही. साहेब मीटिंगला.

घरी येऊन ते पान काढून वडिलांना वाचून दाखवलं, मराठी करत करत. ‘बिबट्यापासून सावध’ला ते इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले, “निदान त्यांनी पाटी तरी लावली.”

त्यामुळे बिबट्या कापणाऱ्याला माफी नाही, या बाबतीत मी तिरपागडेंच्या पक्षात. पण सिनेमाने त्याची भरपाई केली असं माझं मत. ट्रिलियनला (यानातली पृथ्वीवरचीच मुलगी) सोडवायला मंडळी व्होगॉनांच्या ग्रहावर जातात आणि तिथे काय आहे? रांग. खिडकी. फॉर्म. चुकीचा फॉर्म. आर्थर पुढे होतो, म्हणतो मी ब्रिटिश आहे, रांग कशी लावायची ते मला ठाऊक आहे. सगळ्या विश्वात त्याला येणारी ती एकमेव गोष्ट! आणि त्याच ग्रहावर डोक्यात नुसता विचार आला तरी जमिनीतून फळी उठून थोबाडीत मारते. हे पुस्तकात नाही. त्या कचेरीत ती फळी नव्हती, पण गाल माझा तसाच झाला होता.

---

जुना पुस्तकवाला

प्रेमप्रकरणाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. पुस्तकात आर्थरला ट्रिलियन लंडनमधल्या एका पार्टीत भेटलेली असते आणि झेफॉड हा दोन डोक्यांचा परग्रहवासी तिला उडवून नेतो, एवढंच. आर्थरची जखम पुस्तकभर तशीच राहते, कोणी फुंकर घालत नाही. सिनेमाने तिथे रीतसर प्रेमकथा घातली. आणि शेवटी पृथ्वीची दुसरी प्रत तयार करून सुरूही करून दिली! अहो, पृथ्वी गेली ती गेली, हीच तर त्या पुस्तकाची हिंमत आहे. पहिल्या काही पानांतच सगळं जग संपवून लेखक पुढे चहाबद्दल बोलतो. सिनेमाला ते सोसलं नाही. रडणाऱ्या पोराला फुटकं खेळणं जोडून दिल्यासारखं केलं.

---

कोकमकढी

काका, प्रेमकथा गुळमट आहे, मान्य. पण पुस्तकातली ट्रिलियन? खगोलभौतिकीवाली, हुशार, असं लेखक सांगतो आणि मग तिला करायला काय देतो? यान चालवताना आकडे वाचायला. सिनेमातली निदान चिडते, पृथ्वी नष्ट झाल्यावरून झेफॉडला जाब विचारते. पुस्तकावर प्रेम असणाऱ्यांनी हेही कधीतरी म्हणावं.

---

तिरपागडे

म्हणतो. ट्रिलियनच्या बाबतीत पुस्तक कच्चं आहे. आणि ग्रहांच्या कारखान्याचं दृश्य, म्हातारा स्लार्टीबार्टफास्ट आर्थरला पाळण्यात बसवून अर्धवट रंगवलेल्या पृथ्वीवरून फिरवतो ते, पुस्तकापेक्षा सरस आहे. नॉर्वेच्या खाड्यांच्या नक्षीसाठी बक्षीस मिळालेला म्हातारा बिल नायने असा केलाय की खाड्या खऱ्या वाटतात. एवढंच देतो. चहाच्या वाक्यावर तडजोड नाही.

---

आठवीची आई

मंडळी, वादात पडत नाही. मुलगा आठवीत आहे, इंग्रजी बरं वाचतो. आधी काय देऊ? पटकन सांगा, उद्यापासून सुट्टी आहे.

---

मु. पो. लीड्स

सिनेमा. नाहीतर नावांनाच अडखळेल.

---

तिरपागडे

पुस्तक! निदान बिबट्यापर्यंत तरी. तो पहिल्याच प्रकरणात आहे.

---

हरकत घेतली

दोन्ही चालेल, फक्त मध्ये फार दिवस जाऊ देऊ नका.

---

आठवीची आई

सगळ्यांना धन्यवाद. शेवटी सिनेमा आधी दाखवला, कारण बाबांना रिमोट सापडला आणि मला पुस्तक सापडलं नाही. देवमाशाला खदखदून हसला, मग एकदम गप्प झाला आणि म्हणाला, तो परत का नाही दाखवला. कोकमकढी, तुमची आठवण आली.

पुस्तक नंतर कपाटावर मिळालं. चार दिवसांत संपवलं. मला बोलावून एकच पान वाचून दाखवलं, टॉवेलचं. अंतराळात फिरणाऱ्याजवळ टॉवेल हवाच, थंडीत पांघरता येतो, शत्रूवर ओला करून उगारता येतो वगैरे. विटांबद्दल विचारलं तर म्हणाला, ते कळलं, पण त्यात हसायचं काय?

आज सकाळी शेजारच्या मुलांबरोबर किल्ल्यावर गेलाय. सासरे आंघोळ करून दहा मिनिटं न्हाणीघरातून हाका मारत होते. त्यांचा पंचा दांडीवर नव्हता.