अपघाताची धास्ती आणि मोडलेली झोप : पाळीत काम करणाऱ्यांचा अनुभव हवा आहे

नमस्कार. माझ्या धाकट्या भावासाठी मदत हवी आहे. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो आणि तो अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फिरत्या पाळीत काम करतो. गेल्या श्रावणात दुसरी पाळी संपवून दुचाकीने घरी येताना द्वारका चौकाच्या अलीकडे एक ट्रक त्याला अगदी चाटून गेला आणि तो घसरून पडला. हाताला खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही. परंतु त्याने घेतलेला धसका चार महिने उलटले तरी गेलेला नाही. ट्रकचा हॉर्न ऐकला की त्याच्या छातीत धडधडते, आणि आता कामावर तो रिक्षानेच जातो.

मला अधिक काळजी त्याच्या झोपेची वाटते. डोळा लागला की तोच ट्रक दिसतो, म्हणून तो झोपच टाळतो. रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाइल पाहत बसतो, पहिली पाळी असली की साडेपाचला उठतो आणि मग दिवसभर चहावर चहा. आई म्हणते, झोप नाही म्हणून घाबरतो. तो म्हणतो, घाबरतो म्हणून झोप नाही. मी जे वाचले त्यावरून दोघांचेही खरे असावे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागे ठेवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रे दाखवली, तेव्हा मेंदूतील भीतीशी निगडित अमिग्डाला हा भाग झोप झालेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक उत्तेजित झाला होता, आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी त्याचा संबंध क्षीण झाला होता.

मानसोपचारतज्ज्ञांनी भीतीला थोडे थोडे सामोरे जाण्यास सांगितले आहे. त्याप्रमाणे दर रविवारी पहाटे तो गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत गाडी चालवतो आणि मी मागे बसते. या उपायाने जुनी भीती पुसली जात नाही, तर ‘येथे धोका नाही’ अशी दुसरी आठवण तिच्या शेजारी तयार होते, असे त्यांनी समजावले. दबलेली प्रतिक्रिया काही काळाने पुन्हा डोके वर काढते, हे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतच पाहिले होते. शिवाय ही नवी आठवण जागेशी बांधलेली असते. गंगापूर रोडवर आलेला धीर द्वारकेला टिकत नाही, हे आम्ही अनुभवतोच आहोत. ही नवी आठवण पक्की होण्यास झोपेची गरज असते, आणि त्यात ज्या रेम झोपेचा (जिच्यात बहुतेक ठळक स्वप्ने पडतात) वाटा मानला जातो, ती रात्रीच्या शेवटच्या प्रहरात अधिक असते. दोनला झोपून साडेपाचला उठणाऱ्याची नेमकी तीच बुडते.

मी दिनदर्शिकेवर खुणा करत गेले. ज्या रविवारी तो रात्री नीट झोपला, त्यानंतरच्या रविवारी तो सहज गाडीवर बसला. मध्ये तिसऱ्या पाळीचा आठवडा आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खुणा अवघ्या नऊ रविवारांच्या आहेत, त्यामुळे हा योगायोगही असेल.

आता माझे प्रश्न. झोप आठवणी पक्क्या करते, तर अपघाताचीही करीत असेल, या त्याच्या शंकेला काय उत्तर द्यावे? ती मला निराधार वाटत नाही, आणि झोप टाळण्याचे तेच त्याचे कारण आहे. अनिद्रेवर गोळ्यांविना जे वर्तनोपचार करतात, ते फिरत्या पाळीत काम करणाऱ्या कोणी घेतले आहेत का, आणि झोपेची ठरावीक वेळ पाळण्याची त्यातील अट कशी सांभाळली? ओळखीचे लोक औषधाच्या दुकानातून गोळी आणा म्हणतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आम्ही करणार नाही, तेव्हा कृपया गोळ्यांची नावे सुचवू नयेत. येत्या सोमवारपासून त्याची तिसरी पाळी आहे. मानसोपचारतज्ज्ञांच्या पुढच्या भेटीला अवकाश असल्याने, या रविवारचा सराव करावा की तो आठवडा सरेपर्यंत थांबवावा, याबद्दल कोणाचा स्वतःचा अनुभव असल्यास त्याआधी कळवावा.