एमओपीच्या खाली बिल नाही म्हणे! कंपनीनं किमान भाव ठरवावा का?

बालाघाटी (अंबाजोगाई)
परवा बायकोसाठी फोन घ्यायला मोंढ्याजवळच्या ओळखीच्या दुकानात गेलो. डब्यावर एमआरपी १८,९९९, दुकानदार म्हणला १५,९९९ ला देतो. म्हणलं पाचशे कमी करा, दहा वर्षाची ओळख आहे आपली. तर म्हणले भाऊ तुम्हाला द्यायला काही नाही पण एमओपीच्या खाली बिल बनत नाही, कंपनीला कळलं तर माल बंद. एमओपी म्हणजे मार्केट ऑपरेटिंग प्राइस, कंपनीनं ठरवून दिलेला, त्याच्या खाली विकायचंच नाही असा भाव. शेवटी बिल १५,९९९ चंच फाडलं आणि गल्ल्यातून चारशे काढून गुपचूप माझ्या खिशात कोंबले, वर स्क्रीनगार्ड लावून दिलं. म्हणजे सूट द्यायची ती पण चोरासारखी! माल त्यानं स्वतःच्या पैशानं घेतलाय, पडून राहिला तर नुकसान त्याचं, मग स्वस्त विकू नको म्हणणारी कंपनी कोण? माझं मत, हे बंदच व्हायला पाहिजे.

शटरवाला (परभणी)
भाऊ तुम्ही म्हणायलाव ते मी रोज करतो, ते चारशे मी पण देतो. पण एमओपी नसता ना तर माझं दुकान चार वर्षापूर्वीच बंद पडलं असतं. आमच्या लाईनीत मोबाईलची पाच दुकानं. समोरच्यानं दोनशे तोडले की मी तीनशे तोडणार, तो पाचशे, आणि पंधरा हजाराच्या फोनमागं आम्हाला सुटतात किती तर चारशे-पाचशे. मग खायचं काय? दुसरं म्हणजे गिऱ्हाईक येतं, तासभर चार फोन हाताळतं, कॅमेरा बघतं, पोराचे फोटो काढून बघतं, चहा पितं आणि मॉडेल नंबरचा फोटो काढून घरी जाऊन ऑनलाईन मागवतं. आठ दिवसांनी तेच गिऱ्हाईक तोच फोन घेऊन येतं, भाऊ जुन्यातला डेटा टाकून द्या ना यात. लाईट बिल मी भरायलोय, पोराला पगार मी द्यायलोय. भाव सगळीकडं सारखा असला तरच माणूस दुकानातून घेईल.

लिंबाचं झाड
पण एमआरपीनंच विकायचं असतं ना सगळ्यांनी, कायदाच हाय तसा. मग वाद कामून?

काळाकोट (उदगीर)
नाही हो, सगळे इथंच घोळ करतात. एमआरपी ही वरची मर्यादा, त्याच्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, कमी कितीही घ्या. एमओपी खालची मर्यादा, ती सरकारनं नाही, कंपनीनं ठरवलेली. १९६९ च्या एमआरटीपी म्हणजे मक्तेदारी रोखायच्या कायद्यात असली किमान भावाची अट सरळ रद्दबातल होती. आता २००२ चा स्पर्धा कायदा आहे, कलम ३(४), त्यात अशी अट आपोआप बेकायदा नाही, बाजारातल्या स्पर्धेला त्यानं चांगलाच धक्का बसतो हे दाखवावं लागतं. मारुती सुझुकीला २०२१ मध्ये स्पर्धा आयोगानं २०० कोटी दंड लावला तो याच्यावरच. डीलरनं ठरलेल्यापेक्षा जास्त सूट द्यायची नाही, आणि पाळत ठेवायला खोटी गिऱ्हाईकं पाठवायची. पण त्याच्या आधी २०१७ मध्ये ह्युंदाईला ८७ कोटी लावले होते, ते अपिलात उडाले. म्हणजे बालाघाटी म्हणतात तसं "बंद करा" एवढं सोपं नाही.

सोयाबीन बारा पोतं (औसा)
वकीलसाहेब मला एक सांगा, २०२४ च्या दिवाळीला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता, मी लातूरच्या आडतीवर ४१०० नं घालून आलो. सरकारनं ठरवलेल्या किमान भावाच्या खाली माझा माल उघड्यावर घेतला, कुणी काही म्हणलं नाही. आणि कंपनीच्या फोनचा किमान भाव मोडला की दुसऱ्या दिवशी माल बंद? आम्हालाबी असली कंपनी द्या राव 😀

शटरवाला (परभणी)
दादा हसण्यावारी नेऊ नका, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा नंबर असतो ना, त्याच्यावरून फोन कुठं चालू झाला ते कंपनीला कळतं. मागच्या साली माझा एक फोन नांदेडला चालू झाला, माझ्या मेव्हण्यानंच नेलता, तर दुसऱ्याच्या एरियात माल घातला म्हणून कंपनीनं स्कीमचे, म्हणजे विक्रीवर वरून मिळणारे पैसे कापले.

मानवतची लेक
शटरवाले दादा, तुमचं दुःख कळतं पण गिऱ्हाईकाच्या बाजूनं कुणी बोलतच नाही. आमच्याकडं पहिल्यापासून रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा. कापूस घरात आला की पैसे देतो म्हणून सासऱ्यांनी मिक्सर, पंखा, सगळं उधारीत आणलं, दोन पैसे जास्त गेले, ठीक, सहा महिने थांबायचे ना ते. आणि रोख देणाऱ्याला कमी. आता माझ्या नणदेनं रोख पैसे मोजून वॉशिंग मशीन घेतली आणि शेजारणीनं तीच चार हप्त्यात, दोघींना एकच भाव! कंपनी म्हणते खाली जाऊ नका. म्हणजे नणदेनं शेजारणीचं व्याज भरलं. दुकानदाराला आपलं गिऱ्हाईक ओळखून भाव करायची मुभाच राहिली नाही तर तो दुकानदार कसला, कंपनीचा बिल फाडणारा माणूस.

काळाकोट (उदगीर)
ताई बरोबर मुद्दा. पण शटरवाल्याचा "बघायचं इथं, घ्यायचं तिथं" हा मुद्दा पण हलका नाही. अमेरिकेत याच मुद्द्यावर कायदा फिरला. १९११ पासून तिथं किमान भाव लावणं सरळ बेकायदा होतं. मग टेक्सासमधल्या एका छोट्या दुकानानं एका कंपनीच्या वस्तू २० टक्के सूट देऊन विकल्या, कंपनीनं माल बंद केला, दुकान कोर्टात गेलं, खाली जिंकलं. आणि २००७ मध्ये सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ नं हरलं. कोर्ट म्हणलं, किमान भावामुळं दुकानदार माल दाखवायला, समजावायला पैसा घालतो, त्यात गिऱ्हाईकाचाही फायदा असू शकतो, प्रकरण बघून ठरवा.

बालाघाटी (अंबाजोगाई)
म्हणजे छोट्या दुकानाच्या भल्यासाठी म्हणून जो नियम सांगायलेत त्यात पहिला बळी छोट्या दुकानाचाच गेला की! शटरवाले, एक खरं सांगा, तुमची लढाई समोरच्या दुकानाशी आहे का ऑनलाईनशी? आणि ऑनलाईनवाले पाळतात का हा एमओपी?

शटरवाला (परभणी)
तिथंच तर दुखतं भाऊ. कागदावर पाळतात. स्क्रीनवर भाव १५,९९९ च दिसतो, पण सेलमध्ये बँकेच्या कार्डावर दीड हजार सूट, जुना फोन दिला तर अजून हजार जास्त. कंपनीच्या माणसाला विचारलं तर म्हणतो ती बँकेची सूट आहे, भाव तोडला नाही. मला तोच फोन डीपीलाच, म्हणजे दुकानदाराच्या खरेदी भावालाच १५,४५० पडतो! घरात १४,५०० ला येतोय आणि मी १५,९९९ च्या खाली बिल केलं की गुन्हेगार. मी एमओपीच्या विरोधात नाही अजून पण, फक्त सगळ्यांना लावा म्हणतो. भिंत बांधायची तर चारी बाजूनं बांधा, एक बाजू उघडी ठेवून मलाच आत कोंडू नका.

मानवतची लेक
सगळ्यांना लावली तर मग १४,५०० वाला पण १५,९९९ होईल. तुमचं दुकान वाचंल, आमचे दीड हजार गेले. हेच तर म्हणायलेय.

सोयाबीन बारा पोतं (औसा)
ताई पण फोन पाण्यात पडला तर ऑनलाईनवाला औशाला येतो का? दीड हजार जास्त गेले तरी मी दुकानवालाच घेईन. सोयाबीन विकून बघतो किती उरतात.

शटरवाला (परभणी)
बालाघाटी भाऊ, अजून एक. तुमच्या खिशात कोंबलेले ते चारशे बिलावर नाहीत. बिल १५,९९९ चं, म्हणजे तुमच्या दुकानदारानं जीएसटी पण त्याच्यावरच भरला. अठरा टक्क्यानं त्या चारशेतले एकसष्ट रुपये, जे त्याला मिळालेच नाहीत त्याच्यावर. पुढच्या वेळी गेलात तर स्क्रीनगार्डचे पैसे तरी द्या त्याला.