वादळात कोपऱ्याचे पत्रे उचकटले, भिंतीलगत गळती: आधी काय करून घ्यावं?

उतार_आठ

एकमजली घर, एकाच उताराचं पत्र्याचं छप्पर. रुंदी ८ मीटर, उतारावरची लांबी साडेसहा मीटर, त्यातला अर्धा मीटर शेवटच्या पर्लिनच्या (पत्रे ज्यांवर स्क्रूने बसतात त्या आडव्या लोखंडी दांड्यांच्या) पुढे नुसता लोंबतो. उतार साधारण ८ अंश. पत्रे रंगीत, चौकोनी उंचवट्यांचे, दर २०० मिमीला एक उंचवटा. पर्लिन सहा, १.२ मीटर अंतरावर. त्यांची टोकं दोन्हीकडच्या विटांच्या भिंतींत मसाल्यात बसवलेली, मधोमध एक लोखंडी तुळई. वरची बाजू दुसऱ्या मजल्याच्या भिंतीला टेकते, खाली गटर.

परवाच्या वादळात खालचा डावा कोपरा उचकटला. एक पत्रा गेला, शेजारचे दोन वाकले, स्क्रूची भोकं लांबट झालीत. शिवाय वरच्या भिंतीलगत आणि गटराच्या बाजूने आत पाणी येतं. एक कंत्राटदार म्हणतो, सगळ्या छपरावर वॉटरप्रूफिंगचा लेप मारू. दुसरा म्हणतो, सगळेच पत्रे काढून जाड टाका. पुढचं वादळ यायच्या आत नेमकं काय करून घेऊ? आणि स्क्रू किती लागतील याचाही अंदाज द्या.

वळचण

लेप नको, आणि नुसता जाड पत्राही नको. तुमचा पत्रा फाटलेला नाही, सुटलेला आहे. दोष पकडीचा आहे.

ताशी १६० किमी वाऱ्याचा मूळ दाब चौरस मीटरला साधारण १२० किलो भरतो. छपराच्या मधल्या भागात वर ओढणारा जोर याहून कमी असतो, पण कडांना आणि कोपऱ्यांत तो दीडपट-दुप्पट होतो, कारण भिंतीवरून चढलेला वारा कडेशी छपरापासून सुटतो आणि तिथेच पोकळी तयार होते. म्हणून सुरुवात कायम कोपऱ्यातून होते. त्यात एखादी खिडकी फुटली की आतून वर ढकलणारा दाब वेगळा. याच्यापुढे पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला ४-५ किलो. जाड पत्रा घेऊन ते ६ केलं तरी काय फरक पडणार? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, तेव्हा ‘इतकी वर्षं टिकलं होतं’ यालाही फार अर्थ नाही.

तुमच्या वर्णनात मला गळतीपेक्षा पर्लिनची टोकं मसाल्यात आहेत याची जास्त काळजी वाटते. चार मीटरचा गाळा (भिंत ते मधली तुळई), १.२ मीटर अंतर, त्याचं अर्धं: म्हणजे एका टोकाच्या वाट्याला २.४ चौरस मीटर छप्पर. वरची ओढ २९० किलोच्या घरात, कोपऱ्याजवळ त्याच्या दुप्पट धरा. मसाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. पत्रे घट्ट केले आणि टोकं तशीच ठेवली, तर पुढच्या खेपेला पत्रे पर्लिनसकट जातील.

म्हणून पहिलं काम टोकांचं. ४० × ५ मिमीची गॅल्व्हनाइज्ड पट्टी घ्या. वरचं टोक पर्लिनला १० मिमीच्या दोन बोल्टांनी, खालचं टोक भिंतीच्या आतल्या अंगाने उतरवायचं. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा बीम असेल तर त्यात १२ मिमीचे दोन केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून बसवायचे बोल्ट), ११० मिमी खोल. भोक आधी ब्रशने घासून फुंकणीने साफ करायचं, परत ब्रश, परत फुंकणी. धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही, आणि अँकर हाताने ओढला तरी हलतो. बीम नसेल तर पट्टी निदान एक मीटर खाली न्या, भिंतीतून आरपार बोल्ट काढा आणि बाहेरून १०० × १०० × ६ मिमीची प्लेट द्या. २३० मिमी जाडीच्या विटांच्या भिंतीचं वजन चौरस मीटरला ४३०-४४० किलो असतं. तेच वजन छपराला बांधायचंय. वरच्या दोन थरांत एक्स्पान्शन बोल्ट (भोकात फुगून घट्ट होणारा) ठोकून देणारे भेटतील, त्यांना नको म्हणा. तो बोल्ट ते दोन थर घेऊनच वर जातो. मधल्या तुळईवर दोन्ही गाळ्यांचा मिळून दुप्पट भार येतो, तेव्हा पर्लिन तिथे नुसती टेकलेली आहे की क्लीटला (तुळईवर जोडलेल्या लोखंडी तुकड्याला) बोल्ट केलेली, हे आधी वर चढून बघा.

दुसरं, तो लोंबणारा अर्धा मीटर. २०० मिमीच्या पुढे पत्रा आधाराशिवाय सोडू नये. कापला तर गटरही सरकवावं लागेल. त्यापेक्षा भिंतीतून ब्रॅकेट काढून कडेला सातवी पर्लिन टाका.

आता स्क्रू. ५.५ मिमी जाडीचे, ५५ मिमी लांब, सेल्फ ड्रिलिंग, ईपीडीएम रबराच्या वॉशरचे. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्याला: ८ पत्रे × ५ उंचवटे × २ पर्लिन = ८०. मधल्या पाच पर्लिनवर दोन्ही टोकांच्या पत्र्यांना प्रत्येक उंचवट्याला: ५०. उरलेल्या सहा पत्र्यांना एकाआड एक: ९०. एकूण २२०, म्हणून २५० आणा. पत्र्याला पत्रा जोडायचे छोटे स्क्रू दर अर्ध्या मीटरला, सात जोडांना मिळून ९८, ११० आणा. उतार कमी आहे, म्हणून जोडांत ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) हवीच: सुमारे ४६ मीटर. जुने स्क्रू परत वापरू नका. पर्लिनमधलं जुनं भोक सैल लागलं तर त्याच भोकात ६.३ मिमीचा स्क्रू घाला.

टपटप

वरचं सगळं मान्य. मी पाण्याचं सांगतो.

भिंतीलगतची गळती सिलिकॉन भरून थांबत नाही. साडेसहा मीटरचा पोलादी पत्रा थंडी-उन्हाच्या ५० अंशांच्या फरकाने जवळजवळ ४ मिमी लांबतो. भिंत जागची हलत नाही, म्हणजे जोड तुटणारच. म्हणून तिथे दोन वेगळ्या पट्ट्या लागतात. खालची पट्टी पत्र्यावर २०० मिमी आणि भिंतीलगत उभी १५० मिमी. तिला स्क्रू फक्त पत्र्यात, भिंतीत एकही नाही. वरची पट्टी भिंतीत मारलेल्या २५ मिमी खोल खाचेत अडकवायची आणि खालच्या पट्टीवर निदान ७५ मिमी उतरवायची, पण तिला चिकटवायची नाही. खाच विटेत गेली पाहिजे. गिलाव्यातच थांबली तर पाणी गिलाव्यामागून खाली उतरतं, आणि पट्टी नवी असूनही गळतं.

पट्टी बसवण्याआधी आणखी एक काम, जे हमखास राहून जातं: पत्र्याच्या वरच्या टोकाला, दोन उंचवट्यांमधला प्रत्येक सपाट भाग पक्कडीने वर वळवून घ्यायचा, २५ मिमी तरी. वादळात पाणी उतारावर उलटं चढतं आणि पट्टीखालून आत शिरतं. हा वळवलेला काठ त्याला अडवतो. उंचवट्यांच्या पोकळीत त्याच आकाराची फोमची पट्टी.

गटराकडे याच्या उलट. तिथे सपाट भाग किंचित खाली वाकवा, नाहीतर पाणी पत्र्याच्या पोटाला चिकटून मागे येतं आणि भिंतीत उतरतं. पत्रा गटरात ५० मिमी आत यावा. गटराचा पुढचा काठ मागच्यापेक्षा १०-१२ मिमी खाली हवा, म्हणजे तुंबलं तरी पाणी बाहेर सांडेल, घरात नाही. ५२ चौरस मीटर छप्पर, तासाला १०० मिमी पाऊस: मिनिटाला ८७ लिटर पाणी. आठ मीटर गटराला एकच तोंड असेल तर एका प्लॅस्टिकच्या पिशवीने खेळ संपतो. दोन्ही टोकांना ११० मिमीचा पाइप द्या, गटर मधून दोन्हीकडे उतरतं ठेवा, दर मीटरला ५ मिमी. ब्रॅकेट ६०० मिमीवर.

सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातल्या आम्लाने लेप खराब होतो. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. जस्त-ॲल्युमिनियमचा लेप असलेल्या पत्र्यावर ओलं सिमेंट तर लावूच नका.

पाना_पक्कड

स्क्रू उंचवट्यावरच का, याबद्दल थोडा वेगळा सूर. तळात मारलेला स्क्रू पत्र्याला थेट पर्लिनवर दाबतो, पकड पक्की असते. पण सगळं पाणी त्याच तळातून वाहतं, आणि ८ अंशांच्या उतारावर एक वॉशर तडकला की गळती सुरू. तेव्हा तुमच्या छपराला उंचवटाच बरोबर.

मात्र त्यात एक दुखणं आहे. झोत येतो-जातो तसा उंचवटा स्क्रूखाली दबतो-उठतो आणि भोकाभोवती बारीक चिरा पडत जातात. एक दिवस स्क्रू पर्लिनमध्ये जागच्या जागी राहतो आणि पत्रा डोक्यावरून निघून जातो. १९७४ च्या डिसेंबरमध्ये ट्रेसी चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातली घरं उघडी केली, त्यानंतरच्या तपासात नेमकं हेच पुढे आलं, आणि तेव्हापासून पत्रे आणि त्यांचे स्क्रू असे हजारो वेळा दाबून-सोडून तपासले जाऊ लागले. यावर उपाय म्हणजे डोक्याखाली उंचवट्याच्या आकाराचा रुंद धातूचा वॉशर, त्याखाली रबर. सगळीकडे नको, वरची-खालची पर्लिन आणि टोकांचे पत्रे, म्हणजे वरच्या हिशेबातले १३०.

आणि लांबट भोकं म्हणालात, तर उरलेल्या पाच पत्र्यांचंही प्रत्येक भोक बघा. काठाला नखाने चाचपा. चीर लागली तर तो पत्रा कडेला ठेवू नका, त्या जागी नवा टाका.

इम्पॅक्ट ड्रायव्हरने स्क्रू मारू देऊ नका. क्लच असलेलं मशीन हवं. रबर धातूच्या वॉशरबाहेर जरासं डोकावलं की थांबायचं. फुगून बाहेर आलं, तर दोन उन्हाळ्यांत तडकतं. वॉशर बोटाने फिरत असेल तर कमी आवळलाय.

उतार_आठ

खूपच उपयोगी. तीन गोष्टी राहिल्या. पर्लिनवर वेल्डिंगच्या जागी गंज दिसतोय. मधे उजेडासाठी एक पारदर्शक पत्रा आहे, तो ठेवू का? आणि काम सुरू व्हायला वेळ आहे, तोवर उघड्या कोपऱ्याचं काय?

वळचण

गंज: वायर ब्रशने उजळ लोखंड दिसेपर्यंत घासा. मग टोकदार हातोड्याने ठोका. बोदा आवाज आला किंवा खड्डा पडला तर तो तुकडा कापून नवा जोडा. रंगाने ताकद परत येत नाही. घट्ट निघाला तर झिंकयुक्त प्रायमरचे दोन हात. पत्रा टाकण्याआधी हे करा, नंतर वरच्या बाजूला ब्रश पोचत नाही.

पारदर्शक पत्रा उन्हाने ठिसूळ झाला असेल तर पहिल्या झोतात तोच फुटणार, आणि मग वारा आत. नवा पॉलिकार्बोनेट घेतलात तर कडेच्या जागी बसवू नका. तो पोलादापेक्षा पाच-सहा पट जास्त प्रसरण पावतो, म्हणून भोकं स्क्रूपेक्षा निदान ३-४ मिमी मोठी पाडा आणि रुंद वॉशर वापरा. घट्ट भोकात तो स्क्रूपासूनच तडकायला लागतो. त्यावर पाय देऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

टपटप

ताडपत्रीचं: वरची कड सगळ्यांत महत्त्वाची. ती पत्र्यावर नुसती पसरली तर पाणी तिच्याखालून आत जातं. उघड्या जागेच्या वरच्या पत्र्याचे दोन-तीन ओळींचे स्क्रू सैल करा आणि कड त्याखाली सारा. ते जमत नसेल तर थेट वरच्या भिंतीपर्यंत न्या. खालच्या आणि बाजूच्या कडा लाकडी पट्टीभोवती दोन वेढे गुंडाळून पट्टी पर्लिनमध्ये स्क्रू करा. नुसत्या ताडपत्रीत मारलेला स्क्रू तिला फाडतो. विटा किंवा वाळूच्या पिशव्या वर ठेवू नका. वादळात त्याही खाली येतात.

चढायचं ते छप्पर सुकल्यावर, सुरक्षा पट्टा बांधून, आणि पाय स्क्रूंच्या ओळीवर, म्हणजे खाली पर्लिन असेल तिथेच. छपरावर सोलर असेल तर मेन स्विच बंद करूनही उजेडात पॅनेलच्या वायरीत वीज असते. विमा असेल तर काही हलवण्याआधी फोटो काढा, मोडलेले पत्रेही ठेवून द्या.

पाना_पक्कड

कंत्राटदाराकडून लेखी घ्या: लेप आणि रंग सोडून आतल्या पोलादाची जाडी किती, निव्वळ ‘०.५० चा पत्रा’ नव्हे. स्क्रूचा व्यास, लांबी, पर्लिननिहाय संख्या. पट्ट्या आणि अँकर किती. पत्रा ग्राइंडरने कापायचा नाही, निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने) किंवा कात्रीने. ठिणग्यांनी रंग जळतो आणि पडलेला लोखंडाचा कीस एका पावसात गंजाचे ठिपके पाडतो. रोज संध्याकाळी छप्पर झाडून घ्यायचं, हेही त्यातच लिहा.

पैसे देण्याआधी नळीने पाणी मारून बघा. खालून वर जा, एकेका जागी दहा-पंधरा मिनिटं, आत एक माणूस टॉर्च घेऊन. आधी वरून पाणी सोडलंत तर कुठून शिरतंय ते कळणार नाही.