धावत्या मॉडेल रेल्वेचे छायाचित्र: गाडी आणि देखावा दोन्ही स्पष्ट कसे मिळवावेत?

प्रश्न

माझा लेआउट, म्हणजे रूळ आणि देखाव्यासह मांडलेली मॉडेल रेल्वे, एचओ प्रमाणाचा, म्हणजे १:८७ चा आहे. गाडी उभी असताना छायाचित्रे चांगली येतात, पण ती धावू लागली की एक तर इंजिन पुसट होते, नाहीतर इंजिन स्पष्ट आणि मागचे स्टेशन धूसर होते. भिंगाचे छिद्र लहान, म्हणजे एफ/१६ ठेवल्यास शटर १/१५ सेकंदापर्यंत उतरवावे लागते. शिवाय एलईडी दिव्यांखाली काही चित्रांत आडवे पट्टे उमटतात. सिग्नल मिळून मालगाडी रूळ बदलण्याचा सांधा ओलांडते आणि लूपमध्ये, म्हणजे मुख्य मार्गालगतच्या बाजूच्या रुळावर शिरते, तो क्षणच मला टिपायचा असल्यामुळे गाडी थांबवण्याचा उपाय नको आहे.

प्रतिसाद १

आधी गाडीचा वेग मोजा, म्हणजे शटर अंदाजाने ठरवावे लागणार नाही. ताशी ८० किलोमीटरने जाणारी खरी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. त्याला ८७ ने भागले की तुमच्या रुळांवर सेकंदाला जेमतेम २५ सेंटीमीटर होतात. १/१५ सेकंदात हे इंजिन १७ मिलिमीटर पुढे सरकते आणि पुसट दिसते. पण लूपमध्ये शिरणारी मालगाडी ताशी १५ किलोमीटरच्या हिशेबाने चालवली, तर १/६० सेकंदात ती एक मिलिमीटरही सरकत नाही. खऱ्या रेल्वेतही लूपमध्ये गाडी हळूच घेतात, त्यामुळे तुम्हाला हवा असलेला क्षण मुळातच संथ आहे. इंजिन समोरून तिरके येत असेल तर चौकटीतले सरकणे आणखी कमी दिसते.

छिद्र मात्र एफ/२२ पर्यंत लहान करू नका. विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. त्यापेक्षा कॅमेरा थोडा मागे न्या आणि नंतर चित्र कापून घ्या. तपशील थोडा कमी होतो, पण स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जितक्या अंतरातल्या वस्तू स्पष्ट येतात ते अंतर, चांगलीच वाढते.

प्रतिसाद २

पट्ट्यांचे कारण वेगळे आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात आणि इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचते, त्यामुळे उजेडातला हा फरक पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. मेकॅनिकल शटर वापरून १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावे. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. तरीही पट्टे राहिले तर न लुकलुकणारे दिवे घ्यावेत. इंजिनाचा हेडलाइट डिकोडरवर, म्हणजे इंजिनातल्या डिजिटल नियंत्रण भागावर चालत असेल, तर वेगवान शटरमध्ये तो एखाद्या चित्रात विझलेला येऊ शकतो, म्हणून ओळीने अनेक चित्रे घ्यावीत.

प्रतिसाद ३

कॅमेरा किती खाली आहे? खऱ्या माणसाची नजर १.७ मीटरवर धरली तर या प्रमाणात ती रुळांपासून दोन सेंटीमीटरवर येते. इतक्या खाली मोठा कॅमेरा नेता येत नाही. फोन उलटा धरला की त्याची भिंग जवळजवळ रुळांच्या पातळीला येते आणि लहान सेन्सरमुळे मागचे स्टेशनही बऱ्यापैकी स्पष्ट राहते. त्या उंचीवरून रुळांवरची धूळ आणि केसाचा तुकडाही दिसतो, म्हणून आधी मऊ ब्रश फिरवा.

वेगवेगळ्या फोकसची चित्रे जोडणे स्थिर देखाव्यासाठी उत्तम आहे. पण धावती गाडी दुसऱ्या चित्रातून आणून त्यावर बसवल्यास तिची सावली खडीवर नीट जुळत नाही, म्हणून अशा क्षणासाठी मी एकाच चित्राचा आग्रह धरेन.