राइट यांच्या घरांव्यतिरिक्त इमारती : तासाभरात कोणत्या तीन सांगाव्यात?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. आमच्या भागातील वाचनालयात दर महिन्याला अभ्यासवर्ग भरतो आणि पुढच्या वेळी फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुरचनाकाराविषयी बोलण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मी निवृत्त शिक्षिका आहे, वास्तुकलेचे रीतसर शिक्षण माझे झालेले नाही. राइट म्हटले की धबधब्यावरचे ते घर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येते, आणि मला जे काही वाचायला मिळाले त्यातही भर घरांवरच होता. आमच्या श्रोत्यांचे आयुष्य मात्र बँकेत, कचेरीत, शाळेत गेलेले आहे. त्यामुळे माणसे जिथे एकत्र येऊन काम करतात, प्रार्थना करतात किंवा काही पाहतात, अशा त्यांच्या इमारतींविषयी बोलावे असे मनात आहे. तासाभरात तीनच नीट सांगता येतील. कोणत्या निवडाव्यात, आणि त्यांना जोडणारे सूत्र कोणते धरावे?

उत्तर १ (वाशी)

मी वास्तुरचनाकार असून हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सूत्र एकच धरा : रस्त्याकडे पाठ फिरवायची, आत सर्वांसाठी एक मोठे दालन करायचे आणि त्यात उजेड वरून उतरवायचा.

सुरुवात बफलो शहरातील लार्किन कंपनीच्या कचेरीपासून करावी. ही कंपनी टपालाने साबण विकत असे. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीच्या भोवती रेल्वेचे रूळ, कारखाने आणि धूर होता. राइट यांनी बाहेरून विटांच्या भक्कम भिंती उभ्या केल्या, जिने चार कोपऱ्यांतील मनोऱ्यांत नेले, हवा यंत्राने धुऊन आत सोडली आणि मधोमध पाच मजले उंचीचा, वर काचेचे छत असलेला चौक मोकळा ठेवला. साहेब आणि कारकून त्याच चौकात, एकमेकांना दिसतील असे बसत. आपल्याकडे ऐरोली-महापे पट्ट्यात चारही बाजूंनी काच लावलेल्या कचेऱ्यांत भर दुपारी पडदे ओढून दिवे लावून बसलेले लोक मी पाहतो, तेव्हा मला हा चौक हटकून आठवतो. १९५० मध्ये ही इमारत पाडली गेली. वास्तुकलेच्या इतिहासातील हे नुकसान कधीही भरून न येणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे, शिकागोजवळच्या ओक पार्कमधील युनिटी टेंपल. जुने चर्च १९०५ मध्ये जळाले आणि नव्यासाठी पैसे बेताचे होते. म्हणून राइट यांनी काँक्रीट निवडले आणि चारही बाजू सारख्या ठेवल्या, म्हणजे सेंट्रिंगचे तेच साचे पुन्हा वापरता येतात. रस्त्यावरून दार दिसत नाही. बाजूने आत शिरायचे, बुटक्या, अंधाऱ्या वाटेने वळायचे आणि मग चार पायऱ्या चढून एकदम उजेडात यायचे. छतातील काच पिवळसर असल्यामुळे बाहेर आभाळ भरून आले असले तरी आत ऊन पडल्यासारखे वाटावे, असा त्यामागचा विचार होता. आपल्या जुन्या देवळांत मंडपातून गाभाऱ्याकडे जाताना उजेड कमी होत जातो; इथे क्रम नेमका उलटा आहे. श्रोत्यांना हे चटकन उमगेल.

तिसरी, रसीन गावातील जॉन्सन वॅक्स कंपनीची कचेरी (१९३९). तिच्याविषयी एखाद्या अभियंत्याने लिहिले तर बरे.

उत्तर २ (कळवा)

मी संरचना अभियंता आहे, म्हणून जॉन्सन वॅक्सचे मी सांगतो. तेथील खांब तळाशी अवघे नऊ इंच व्यासाचे आहेत, वर जाताना रुंद होतात आणि माथ्यावर सुमारे अठरा फूट व्यासाची चकती होते. तळ्यातली कमळाची पाने खालून पाहावीत तसे ते छत दिसते. चकत्यांच्या मधल्या फटींतून काचेच्या नळ्यांमधून उजेड येतो. इतक्या बारीक खांबाला सरकारी अधिकारी परवानगी देईनात. तेव्हा १९३७ मध्ये एक नमुना खांब उभारून त्यावर सर्वांसमक्ष वाळू आणि लोखंड रचण्यात आले. अपेक्षा बारा टनांची होती, तो साठ टनांपर्यंत टिकला. सळ्यांबरोबरच आत पोलादी जाळी वापरली होती, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण.

मात्र एक गोष्ट झाकून ठेवू नये. ते काचेचे छत गळत असे आणि पुढे नळ्यांच्या जागी दुसरे साहित्य बसवावे लागले. युनिटी टेंपलच्या सपाट छतांनीही पाण्याचा त्रास दिलाच. जूनमध्ये गच्चीवरचा कोबा फुटून खालच्या खोलीत बादल्या ठेवण्याची वेळ आमच्यावरही आलेली आहे, त्यामुळे ‘गळती म्हणजे प्रतिभेची किंमत’ हे समर्थन मला पटत नाही. जोडाचे भरण-साहित्य त्या काळी पुरेसे चांगले नव्हते, एवढेच म्हणावे.

तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलचाही उल्लेख करा. जमीन वर थोडीशी घट्ट आणि खाली चिखलाची होती, आपल्या खाडीकाठच्या भरावासारखी. राइट यांनी खोल जाण्याऐवजी वरच्या थरात आखूड खांब ठोकून त्यावर इमारत ‘तरंगती’ ठेवली. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात ती उभी राहिली, हे खरे. परंतु तिला काहीच झाले नाही ही दंतकथा आहे. नुकसान झाले होते, आणि मऊ जमिनीत हादरे वाढतात हे आज आपल्याला माहीत आहे.

उत्तर ३ (नेरूळ)

न्यूयॉर्कचे गुगेनहाइम संग्रहालय वगळू नये. १९४३ मध्ये काम हाती आले आणि दार उघडले ते ऑक्टोबर १९५९ मध्ये. राइट त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले. मुलीकडे गेले असताना मी ते पाहिले. लिफ्टने वर जाऊन मधल्या मोकळ्या चौकाभोवती गोल फिरणाऱ्या उतारावरून चित्रे पाहत खाली यावे, ही राइट यांची कल्पना मी मुद्दाम पाळली. उतार सौम्य आहे, तरी चित्रासमोर थांबले की पोटऱ्यांना तो जाणवत राहतो, आणि चित्राची खालची कड व पायाखालची जमीन समांतर नाहीत हे काही केल्या डोळ्याआड होत नाही. तिरप्या भिंतींवर चित्रे टांगण्याला अनेक चित्रकारांनी आधीच लेखी विरोध केला होता. तो मला रास्त वाटतो. पण कठड्याला टेकून समोरच्या वळणावरची अनोळखी माणसे पाहताना जे वाटले, ते कोणत्याही सरळ दालनात वाटले नसते.

शिवाय, अहमदाबादच्या कॅलिको मिलसाठीही राइट यांनी दुकानाच्या इमारतीचा आराखडा केला होता. ती बांधली गेली नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. लार्किन, युनिटी टेंपल आणि जॉन्सन वॅक्स हा क्रम मी नक्की केला आहे. गुगेनहाइम शेवटी दहा मिनिटे घेईन, कारण तोच चौक तिथे गोल होऊन पुन्हा भेटतो असे वाचताना जाणवले. आज वाचनालयात जाऊन टेपने मोजून आले. सभागृहाची रुंदी सतरा फूट भरली, म्हणजे त्या एकाच खांबाचा माथा आमच्या दोन्ही भिंतींच्या बाहेर जाईल. नऊ इंचांची एक ताटली घरून नेणार आहे. ती जमिनीवर ठेवून आधी सगळ्यांना वर पाहायला सांगेन.