अर्धी कादंबरी खाली ठेवलीत, ती कशी?

मंडळी, छापून आलेल्या पुस्तकांबद्दल आपण नेहमीच बोलतो. या वेळी उलटं. मानगुटीवर बसलेली कादंबरी तुम्ही कधी खाली ठेवली, आणि 'आता पुरे' हे कशावरून कळलं? सल्ले नकोत, घडलेलं लिहा. सुरुवात मीच करतो.

मी १९३०च्या सोलापूरवर लिहीत होतो. मे महिन्यातला उठाव, मग मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघांना फाशी. चार हुतात्मा पुतळ्यांवरून रोजचं जाणं-येणं, म्हणून वाटलं विषय आपलाच. हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून चार वह्या टिपणं काढली. कादंबरी १४० पानांवर अडली. माझा नायक गिरणीतला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. त्याने तोंड उघडायच्या आधी मी तारीख तपासायचो. शेवटी तो बोलेनासाच झाला. एका संध्याकाळी लिहायला बसलो आणि लाइट गेली. इतकं हायसं वाटलं, की माझी मलाच लाज वाटली. अर्ध्या तासाने लाइट आली, मी मात्र अंधारातच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी वह्या चादरीच्या दुकानाच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकल्या.

सोलापूरच्या पूर्व भागातून
आमच्या घरात तेलुगू. कादंबरी आजीवर, लिहिणं मराठीत. आजी कागदावर आली की धड्यातल्या आजीसारखी बोलायची: "बाळा, कष्टाला पर्याय नाही." खरी आजी असलं काही कधी बोलली नाही. मांडीवर सूप, हातात कात्री, तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरून विडी वळायची, दोरा गुंडाळायचा. ओठांत आकडे. हाक मारली तर ओ देत नसे, कारण मजुरी हजारावर, आणि मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं मला येत होतं, तिचं बोलणं तेवढं येत नव्हतं. दोनदा नव्याने लिहिलं. तिसऱ्यांदा वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "अरे, ही कोण बाई?" त्या रात्री थांबलो. आता आईला आठवतील तशी आजीची वाक्यं तेलुगूतच, देवनागरीत उतरवून ठेवतोय. कादंबरी होईल, न होईल.

सात रस्ता, निवृत्त शिक्षिका
वरच्या लाइटच्या खुणेवर माझा भरवसा नाही. नणंदेवरचं प्रकरण आलं तसा माझा हात थांबला. 'जमत नाहीये' म्हणून गुंडाळून ठेवलं, तेव्हा मलाही हायसंच वाटलं होतं. खरं तर जमत होतं. ती वाचेल याची धास्ती होती. दोन वर्षांनी उघडलं तर तीच वीस पानं जिवंत, बाकी भरताड.

जुळे सोलापूर
दर वर्षी "गड्ड्याच्या जत्रेआधी संपवतो" म्हणता म्हणता चार गड्डे झाले. बायकोने विचारणं सोडलं. परवा शेंगा चटणीच्या बरणीखाली कागद दिसला, माझंच पहिलं पान, तेलाने अर्धं पारदर्शक झालेलं. कोरड्या राहिलेल्या तीन ओळी उभ्याउभ्या वाचल्या आणि दुसरीतला एक शब्द खोडला.